मिलिंद: भुंग्याचं नाव की राजाचं?

बाळांच्या नावांची कोणतीही पुस्तिका घ्या आणि ‘म’ काढा. तिथे लिहिलेलं असतं: मिलिंद – भुंगा. बस्स, एवढंच. मग कुणीतरी म्हणतं की हे नाव मुळात ग्रीक आहे, मिनँडर नावाच्या राजाचं, आणि वादाला तोंड फुटतं. एक बाजू म्हणते, संस्कृत कोशात मिलिंद म्हणजे भ्रमर असं स्पष्ट दिलंय, त्यात ग्रीक कुठून आणता? दुसरी म्हणते, ग्रीक असेल तर ते आक्रमकाचं नाव झालं, आपल्या मुलांना कशाला हवं? तिसरी म्हणते, हे बौद्ध नाव आहे, भुंगा हा अर्थ मुद्दाम पुढे केला जातो. तिन्ही बाजूंकडे सत्याचा थोडा थोडा अंश आहे, आणि तिघींचाही युक्तिवाद कच्चा आहे. नाव कुठून आलं आणि ठेवणाऱ्याच्या मनात त्याचा अर्थ काय, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर पुराव्यावर ठरतं, दुसऱ्याचं वापरावर. ही मंडळी एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्याच्या गळ्यात बांधतात.

माझं म्हणणं आधीच सांगतो. मिलिंद हे व्यक्तिनाम ग्रीक ‘मेनांद्रोस’पासून आलं आहे (मिनँडर हे त्याचंच इंग्रजी वळणाचं रूप). त्याचा पुरावा नाणी, ध्वनिबदल आणि मधली रूपं अशा तिन्ही अंगांनी मिळतो. ‘भुंगा’ या अर्थाचा मिलिंद शब्दही खरा आहे, पण त्याच्यामुळे राजाचं नाव पडलेलं नाही. आणि मूळ ग्रीक असल्यामुळे नाव परकं ठरतं, हे तर मुळीच खरं नाही.

सुरुवात नाण्यापासून करू, कारण नाणं ही त्या राजाने स्वतः पाडून घेतलेली वस्तू आहे. मिनँडर हा भारताच्या वायव्येला राज्य करणारा ग्रीक राजा, त्याचा काळ इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या मध्याचा. त्याचं चांदीचं लहान नाणं, म्हणजे द्रख्म, साधारण अडीच ग्रॅमचं असतं. एका बाजूला राजाचा चेहरा आणि कडेने ग्रीक अक्षरांत ‘बासिलेओस सोतेरोस मेनांद्रू’, म्हणजे ‘त्राता राजा मेनांद्रोस याचं’. उलट बाजूला बहुधा वज्र फेकणारी अथेना देवी आणि उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या खरोष्ठी लिपीत तोच मजकूर प्राकृतात: ‘महरजस त्रतरस मेनंद्रस’. खरोष्ठीत दीर्घ स्वर दाखवायची रीत नव्हती, म्हणून ‘महाराज’चं ‘महरज’ दिसतं. या दोन ओळी शेजारी ठेवून पाहा. ठसा कोरणाऱ्याने ग्रीक नावाचा शेवटचा ‘-ओस’ हा विभक्तिप्रत्यय सोडून दिला, उरलेल्या ‘मेनंद्र’ला आपल्या प्राकृतातला षष्ठीचा ‘-स’ लावला आणि ते नाव देव, चंद्र, इंद्र यांच्या रांगेत बसवलं. राजा हयात असतानाच, त्याच्याच टांकसाळीत नावाचं भारतीय रूप तयार झालं होतं.

आता ‘मेनंद्र’चं ‘मिलिंद’ कसं झालं? इथे लोक अडखळतात. ‘न’चा ‘ल’ होतो असं सांगितलं की ओढूनताणून वाटतं. पण मराठी माणसाने तरी यावर शंका घेऊ नये, कारण हा बदल आपल्या स्वयंपाकघरात आणि अंगणात रोज होतो. संस्कृत ‘नवनीत’ मराठीत येईपर्यंत ‘लोणी’ झालं. ‘निंब’चा ‘लिंब’ झाला, म्हणून आपण कडुलिंब म्हणतो. कारण साधं आहे. एकाच शब्दात दोन अनुनासिकं जवळजवळ आली की जीभ त्यातल्या एकाला बाजूला सारते, आणि ‘न’ उच्चारताना जीभ जिथे टेकते तिथेच टेकून बोलता येणारा ‘ल’ सहज पुढे येतो. उलटा बदलही होतो: संस्कृत ‘लांगल’चा आपला ‘नांगर’ झाला. मेनंद्रमध्ये ‘न’ आणि अनुस्वार अगदी खेटून आहेत. शेवटच्या ‘द्र’चा ‘द’ होणं हा तर प्राकृताचा नित्याचा व्यवहार: चंद्र, चंद, चांद. ‘ए’चा ‘इ’ होणं आणि मधल्या ‘अ’चाही ‘इ’ होणं एवढंच उरतं, आणि त्याला बहुधा ‘इंद्र’ने शेवट होणाऱ्या शेकडो नावांचा कान कारणीभूत आहे.

हे सगळं नुसत्या नियमांवर सोडायची गरज नाही. मधली रूपं हातात आहेत. आजच्या पाकिस्तानातल्या बाजौर भागात शिनकोट इथे सापडलेल्या अस्थिकरंडकावर ‘मिनद्रस महरजस’ असं वाचलं गेलंय. म्हणजे ‘ए’चा ‘इ’ झाला, ‘न’ तसाच. (या लेखाच्या अस्सलपणाबद्दल अभ्यासकांत वाद आहे, म्हणून मी सगळा भार त्याच्यावर टाकत नाही.) ‘मिलिंदपञ्ह’ हा मिलिंद राजा आणि नागसेन भिक्षू यांच्या प्रश्नोत्तरांचा पाली ग्रंथ. याच संवादाचं जे रूप चिनी भाषेत गेलं, त्यात राजाचं नाव ‘मिलान’सारखं लिहिलंय. तिथे ‘ल’ आलाय, पण दुसऱ्या अक्षरात अजून ‘अ’ आहे. काश्मिरी कवी क्षेमेंद्राच्या अकराव्या शतकातल्या अवदान-संग्रहात, म्हणजे बौद्ध कथांच्या संग्रहात, ‘मिलिंद्र’ येतं. तिथे दोन्ही ‘इ’ आहेत, ‘ल’ आहे आणि शेवटचा ‘द्र’सुद्धा शाबूत आहे. आणि पालीत ‘मिलिंद’. एकेक पायरी वेगवेगळ्या प्रदेशात, वेगवेगळ्या भाषेत टिकून राहिली आहे. ‘मिलिंद म्हणजे भुंगा, म्हणून राजाचं नाव मिलिंद’ हे खरं असतं, तर ‘मिलिंद्र’मधला ‘र’ कुठून आला? नाण्यावरच्या ‘मेनंद्र’चं काय करायचं?

भुंगावाल्यांचा सगळ्यात भक्कम मुद्दा आता मान्य करायला हवा. संस्कृतात ‘मिलिंद’ म्हणजे भ्रमर हा अर्थ खरोखर आहे आणि कोशकारांनी तो दिला आहे. सतराव्या शतकातल्या जगन्नाथ पंडिताच्या ‘भामिनीविलासा’त तो दिमाखात येतो. अरविंद, मकरंद, मिलिंद ही यमकं ज्या कवीला सापडली तो त्यांना सोडेल कसा? ज्या घरात काव्य वाचलं जात होतं तिथे आईवडिलांनी याच अर्थाने नाव ठेवलं असेल, तर त्यांची काहीच चूक नाही. पण त्याआधी अमरकोश उघडून पाहावा. साधारण चौथ्या ते सहाव्या शतकातला हा कोश भुंग्याला मधुव्रत, मधुकर, मधुलिह्, मधुप, अलिन्, द्विरेफ, पुष्पलिह्, भृंग, षट्पद, भ्रमर, अलि असे अकरा शब्द देतो. त्यात मिलिंद नाही. यावरून तो शब्द तेव्हा नव्हताच असं सिद्ध होत नाही, हे प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. कोशात नसलेले शब्दही वापरात असतात. पण अमरसिंहासारख्या नेटक्या माणसाच्या यादीत जो शब्द अकरांतही बसला नाही, तो त्याच्या कित्येक शतकं आधीच्या राजाचं नाव ठरवण्याइतका रुळलेला होता, हे दाखवायची जबाबदारी तसं म्हणणाऱ्यावर येते.

दोन शब्दांचं रूप एक झालं म्हणून त्यांचं मूळ एक होत नाही. ‘कर’ म्हणजे हात, ‘कर’ म्हणजे सारा आणि ‘कर’ ही आज्ञासुद्धा. पण एकाचा अर्थ दुसऱ्यावर कुणी लादत नाही. व्यक्तिनामांच्या बाबतीत मात्र हा घोटाळा हटकून होतो, कारण पुस्तिका तयार करणारा नावाचा इतिहास शोधत नाही. तो कोश उघडतो, तो शब्द तिथे दिसला की पहिला अर्थ उतरवतो. पुढची पुस्तिका आधीच्या पुस्तिकेवरून उतरवली जाते. पन्नास ठिकाणी ‘भुंगा’ लिहिलेलं दिसतं, पण साक्षीदार एकच असतो.

ऐकू आलेल्या परक्या नावाला आपल्या भाषेतला अर्थ चिकटवण्याची ही खोड आजची नाही, आणि याचा सर्वांत सुंदर पुरावा खुद्द ‘मिलिंदपञ्ह’मध्ये आहे. राजाबरोबर नागसेनाकडे जाणाऱ्या यवन, म्हणजे ग्रीक, दरबाऱ्यांत एकाचं नाव ‘देवमंतिय’ आहे, दुसऱ्याचं ‘अनंतकाय’. वाचताना वाटतं, देवांचा मंत्री आणि अनंत देहाचा. प्रत्यक्षात अभ्यासक त्यांत देमेत्रिओस आणि अँतिओकोस ही ग्रीक नावं ओळखतात. पाली ऐकणाऱ्याच्या कानाने त्यांना ओळखीचे कपडे घातले, इतकंच. महाराष्ट्रातच बघायचं तर नाशिकच्या पांडवलेण्यांत सतराव्या क्रमांकाच्या लेण्यात दात्याचा लेख आहे: उत्तरेकडचा, दातामितीचा रहिवासी, योणक (म्हणजे यवन), धंमदेवाचा मुलगा इंद्राग्निदत्त. दातामिती किंवा दात्तामित्री म्हणजे देमेत्रिओसने वसवलेलं नगर, पण नाव ऐकताच दत्त आणि मित्र आठवावेत असं झालंय. आणि दाता स्वतः यवन असून त्याचं नाव इंद्र आणि अग्नी या दोन वैदिक देवतांवरून, बापाचं नाव धर्मावरून! नाव पाहून माणसाचा वंश सांगणाऱ्यांनी एकदा तरी त्या लेण्यात जाऊन यावं.

दुसरा पक्ष म्हणतो, यवन आक्रमक होते. हो, होते. पतंजलीने व्याकरण समजावताना नजीकच्या भूतकाळातलं उदाहरण म्हणून ‘अरुणद् यवनः साकेतम्’, यवनाने साकेताला (अयोध्येला) वेढा घातला, असं वाक्य दिलंय. तो यवन मिनँडर की दुसरा कुणी, याबद्दल मतभेद आहेत, पण वेढा काल्पनिक नव्हता. मिनँडरने अलेक्झांडरपेक्षा जास्त जमाती जिंकल्या असं ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबोने आधीच्या एका लेखकाच्या हवाल्याने नोंदवलंय. हे लपवण्यात काही अर्थ नाही. पण मग नियम सगळीकडे लावा. ग्रीक ‘द्रख्मे’पासून संस्कृत ‘द्रम्म’ आणि त्यापासून आपला ‘दाम’ आला. भडोचच्या बाजारात मिनँडरची जुनी नाणी अजून चालतात, असं इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत लिहिलंय. हा व्यवहार आपल्या शेजारी चालत होता. ‘केंद्र’ हा शब्द ग्रीक ‘केंत्रोन’. ‘होरा’ ग्रीक. केंद्र सरकार म्हणताना कुणाला परकेपणा जाणवतो का?

आणि नावाच्याच संदर्भात आणखी जवळचं उदाहरण आहे. बाळाचं नाव पत्रिकेवरून ठेवायचं तर मघा नक्षत्राच्या चार चरणांची अक्षरं मा, मी, मू, मे. दुसऱ्या चरणावर जन्मलेल्याला ‘मी’वरून नाव, म्हणून मिलिंद सुचवतात. मघा येतं सिंह राशीत. नक्षत्रं आपली जुनी, पण बारा राशी यवनांकडून आल्या, आणि वराहमिहिराने ‘बृहज्जातका’त राशींची जी ग्रीक वळणाची नावं दिली आहेत त्यांत सिंहेचं नाव ‘लेय’ आहे, ग्रीक ‘लेओन’चं रूप. यवन म्लेच्छ असले तरी हे शास्त्र त्यांच्याकडे नीट आहे, म्हणून तेही ऋषींसारखे पूजले जातात, असं वचन त्याच वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त दिलंय. त्याला आपल्या विद्येची लाज वाटली नाही आणि दुसऱ्याकडून घेतल्याचंही लपवावंसं वाटलं नाही. दीड हजार वर्षांपूर्वीच्या त्या पंडिताइतकं मोठं मन आपल्याला का ठेवता येऊ नये?

मूळ ग्रीक नावाचा अर्थ काय, हेही सांगायला हवं. त्याचे दोन तुकडे पडतात. मागचा ‘अनेर’, समासात ‘आंद्र-’, म्हणजे पुरुष. पुढच्या ‘मेन-’चं मूळ दोन प्रकारे लावतात: ‘मेनोस’, म्हणजे जोर, आवेश, किंवा ‘मेनो’, म्हणजे जागचं न हलता टिकून राहणं. तेव्हा अर्थ ‘पुरुषी आवेशाचा’ किंवा ‘माणसांपुढे ठाम उभा राहणारा’ असा काहीसा. अथेन्सचा इ.स.पू. चौथ्या शतकातला विनोदी नाटककार मिनँडर याच नावाचा. आज युरोपात हे नाव क्वचितच कुणी ठेवतं. गंमतीची गोष्ट अशी की ‘मेनोस’ हा आपल्या ‘मनस्’चा सख्खा चुलतभाऊ आणि ‘अनेर’ हा ‘नर’चा. ऋग्वेदात इंद्राला ‘नृमणस्’ म्हटलंय, त्यात हेच दोन तुकडे उलट क्रमाने आलेत. पण म्हणून लगेच ‘बघा, शेवटी संस्कृतच’ म्हणू नये. चुलतभाऊ म्हणजे मुलगा नव्हे. दोन्ही भाषा एका जुन्या भाषेतून आल्या, एवढंच त्यातून निघतं.

तिसऱ्या पक्षाबद्दल मला सर्वांत जास्त आस्था आहे, म्हणून त्याच्याशी जपून बोलतो. महाराष्ट्रात या नावामागे जो इतिहास उभा आहे, तो डॉ. बाबासाहेब आंबेडकरांमुळे. 1950 मध्ये औरंगाबादला त्यांनी सुरू केलेलं महाविद्यालय पुढे मिलिंद महाविद्यालय झालं आणि आवार नागसेनवन. प्रश्न विचारणारा राजा आणि उत्तर देणारा भिक्षू, दोघांचीही नावं शिक्षणाच्या जागेला दिली गेली. 1956 च्या धम्मदीक्षेनंतर राहुल, सिद्धार्थ, गौतम यांच्याबरोबर मिलिंद हे नाव घराघरांत गेलं, त्यात निवडीचा अभिमान होता. अशा नावापुढे फक्त ‘भुंगा’ लिहिणं म्हणजे त्या निवडीचा कागदोपत्री पुरावा पुसणं आहे. हे अज्ञानातून होत असलं तरी थांबायला हवं.

पण हे नाव एकाच समाजाचं आहे, असं म्हणणंही टिकत नाही. ते महाराष्ट्रात सगळ्या जातिधर्मांच्या घरांत आहे. खुद्द मिनँडर बौद्ध झाला का, हा प्रश्नही ‘मिलिंदपञ्ह’च्या शेवटी राजा बौद्ध होतो एवढ्यावरून सुटत नाही. त्याच्या बहुतेक नाण्यांवर अथेना आहे. आठ आऱ्यांचं चक्र काही तांब्याच्या नाण्यांवरच दिसतं. ग्रीक चरित्रकार प्लुटार्क लिहितो की तो छावणीत मेला तेव्हा शहरांनी त्याची राख वाटून घेतली आणि स्मारकं उभारली. हे बुद्धाच्या अस्थींच्या वाटपासारखं वाटतं, पण ती बौद्ध रीत होती की नुसता प्रजेचा जिव्हाळा, हे त्या ओळीतून ठरत नाही. आणि यवन म्हणजे बौद्धच, असंही नव्हतं. तक्षशिलेहून अंतलिकित राजाचा दूत म्हणून विदिशेला आलेला हेलिओदोर वासुदेवाचा भक्त होता. त्याने उभारलेला गरुडध्वज बेसनगरला आजही उभा आहे.

या वादाला लागणारी शिस्त ‘मिलिंदपञ्ह’मध्येच सापडते. राजा वादाला बोलावतो तेव्हा नागसेन विचारतो, पंडितांसारखा वाद करणार की राजांसारखा? पंडितांच्या वादात गुंता होतो, सोडवला जातो, चूक दाखवली जाते, ती कबूल केली जाते, आणि कुणी रागावत नाही. राजे एक मत मांडतात आणि विरोध करणाऱ्याला शिक्षा सांगतात. राजा म्हणतो, पंडितांसारखा. आणि याच्याही आधी, या संवादात राजाचा पहिला प्रश्नच नावाचा असतो: भंते, आपलं नाव काय? नागसेन सांगतो, मला नागसेन म्हणून ओळखतात. आईबाप नागसेन, सूरसेन, वीरसेन, सीहसेन असं काहीतरी नाव ठेवतात. पण ती केवळ व्यवहाराची खूण आहे, नावामागे वेगळा कुणी सापडत नाही. तिथून रथाचा प्रसिद्ध दृष्टांत सुरू होतो: दांडी म्हणजे रथ का, आस म्हणजे रथ का, चाकं म्हणजे रथ का?

आता कामाचं. कोणत्याही नावाचं मूळ तपासायचं असेल तर चार गोष्टी हव्यात: नावाचं सर्वांत जुनं लिखित रूप, त्या भाषेत इतर शब्दांतही दिसणारा ध्वनिबदल, मधली रूपं, आणि नाव इथवर ज्या वाटेने आलं ती वाट. यातल्या दोन नसतील तर ‘असं म्हणतात’ लिहावं. एकही नसेल तर रकाना कोरा ठेवावा. बहुतेक पुस्तिका पाचव्याच गोष्टीवर चालतात: तसाच ऐकू येणारा संस्कृत शब्द. तो सर्वांत शेवटी बघायचा असतो, कारण संस्कृतचा शब्दसंग्रह एवढा मोठा आहे की कशाला ना कशाला जुळणारं काहीतरी निघतंच. ‘अनंतकाय’ही तसाच निघाला होता.

मिलिंदच्या बाबतीत चारही गोष्टी जमतात. तेव्हा पुढच्या आवृत्तीत नोंद अशी छापावी: ‘मिलिंद (पुं.) – पाली, मूळ ग्रीक मेनांद्रोस, प्राकृत मेनंद्र. नागसेनाशी वाद करणारा इ.स.पू. दुसऱ्या शतकातला यवन राजा. याच रूपाचा वेगळा संस्कृत शब्द: भुंगा.’ चार ओळींची जागा लागेल. त्याच पानावर मिहिर, मुकुंद, मिथिलेश आहेत. त्यांनी थोडं खाली सरकायला हरकत नाही.